अंगणातील जैतून आणि घराची बरकत

पवित्र कुरआनने ज्या मोजक्या झाडांचा नामोल्लेख केला आहे, त्यांत जैतूनचे स्थान विशेष आहे. सूरह अल-अनआममध्ये दोनदा आणि सूरह अन-नहल, सूरह अन-नूर, सूरह अबस व सूरह अत-तीनमध्ये प्रत्येकी एकदा, असे सहा वेळा हे नाव आले आहे. सूरह अल-मूमिनूनच्या विसाव्या आयतीत नाव न घेता त्याची ओळख दिली आहे. सीना पर्वताच्या प्रदेशातून निघणारे, तेल देणारे आणि खाणाऱ्यांच्या ताटात कालवण आणणारे झाड, ही ती ओळख होय. सूरह अत-तीनमध्ये अल्लाहने अंजिरासोबत जैतूनची शपथ घेतली आहे. सूरह अन-नूरमध्ये तर आपल्या प्रकाशाचे उदाहरण देताना दिव्याचे तेल ज्या झाडाचे सांगितले, ते हेच झाड, आणि त्याला तेथे ‘मुबारक’ म्हटले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही जैतूनचे तेल खावे व अंगाला लावावे, कारण ते मुबारक झाडापासून निघते, असे शिकविल्याची हदीस तिर्मिजीमध्ये आहे.

तेव्हा आपल्या बंधुभगिनींच्या मनात या झाडाविषयी प्रेम असणे स्वाभाविकच आहे. उमराहून परतणारा माणूस तेलाची बाटली आणतो. हल्ली रोपवाटिकांतून रोपेही मिळू लागल्यामुळे कोणी गच्चीवरील कुंडीत, कोणी अंगणात जैतून लावतो. यात गैर काहीच नाही. परंतु प्रेमाच्या पाठोपाठ कधी कधी एक वेगळीच गोष्ट घरात शिरते, आणि आजचे हे लिखाण तिच्यासाठीच आहे.

गेल्या हिवाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातील वयोवृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलाचा निकाह झाला. मुलगा आखातात नोकरीला. त्याने हौसेने पुण्याच्या एका रोपवाटिकेतून जैतूनचे रोप आणले आणि नवी सून घरात आली त्याच आठवड्यात विहिरीजवळ लावले. तीन वर्षांत फळ धरेल, असे विकणाऱ्याने सांगितले होते. झाड वाढले, पुरुषभर उंचीच्याही वर गेले, पानांची खालची बाजू वाऱ्यात रुपेरी दिसू लागली. पण त्यावर कधी एक फूल आले नाही. त्याच नऊ वर्षांत सुनेलाही मूल झाले नाही.

पुढचे चाचांना सांगवत नव्हते, तरी त्यांनी सांगितले. आधी शेजारणींनी थट्टेत दोन्ही गोष्टी जोडल्या. मग घरातही तेच बोलले जाऊ लागले. मुबारक झाडसुद्धा या पावलांनी वांझ राहिले, ही पांढऱ्या पायाची आहे, असे शब्द त्या मुलीने स्वतःच्या कानांनी ऐकले. एका आमिलने झाड तोडून त्या जागी काही पुरायला सांगितले, त्याचे पैसेही घेतले.

चाचांनी विचारले, “मौलाना, अल्लाहने ज्याची शपथ घेतली ते झाड आमच्याच घरी रिकामे राहावे, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा? आणि स्त्री, घर व घोडा यांत अपशकुन असतो अशी हदीस आहे ना?”

प्रश्न दोन होते, आणि ते एकमेकांत गुंतले होते. मी आधी झाडाचा घेतला.

विद्यार्थीदशेत मी चार वर्षे जॉर्डनची राजधानी अम्मान येथे होतो. ज्या घरात आम्ही तिघे विद्यार्थी भाड्याने राहत होतो, त्याच्या मागील अंगणात जैतूनची तीन झाडे होती. तेथील हिवाळा आपल्यासारखा नव्हे. रात्री हाडे गोठविणारी थंडी, दिवसा कोवळे ऊन, एखाद्या वर्षी बर्फही. पाऊस पडतो तो हिवाळ्यातच. उन्हाळाभर एक थेंब नाही. जैतून हा त्या हवेचा जीव आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काही आठवडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरत राहिला आणि दिवस सौम्य राहिले, तरच त्याच्या फांद्यांवरील डोळ्यांतून वसंतात फुलोरा निघतो. ही थंडी मिळाली नाही, तर झाड मरत नाही. उलट हिरवेगार वाढत राहते. फक्त फुलत नाही.

आता आपला किनारा पाहा. रत्नागिरीकडे जानेवारीतील रात्रही बहुधा पंधरा अंशांच्या वरच असते. जांभ्याची आम्लधर्मी माती, पावसाळ्याचे चार महिने पाण्याखाली भिजलेली मुळे, आणि जैतूनला हवी ती चुन्याचा अंश असलेली, पाणी झटकून टाकणारी जमीन. चाचांच्या अंगणात ते झाड नऊ वर्षे जगले, हीच मला अल्लाहची मोठी मेहरबानी वाटली! मी त्यांना विचारले, “पाणी कोण घालते?” म्हणाले, “सूनच घालते. लावल्यापासून रोज दोन वेळा.”

त्या मुलीने आपल्या परीने प्रेम केले. जैतूनला ओली मुळे सोसत नाहीत आणि मोठ्या झाडाला तर वरची माती चांगली सुकल्याशिवाय पाणी देऊ नये, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पण पाणी कमी घातले असते तरी त्या किनाऱ्यावर फुलोरा आला नसता. दोष पाण्याचा नव्हे, पाणी घालणारीचा तर मुळीच नव्हे.

सूरह अन-नूरच्या पस्तिसाव्या आयतीत या झाडाचे वर्णन ना पूर्वेचे, ना पश्चिमेचे, असे आले आहे. कुरआनच्या भाष्यकारांनी त्याचे अनेक अर्थ सांगितले आहेत. त्यांतला एक अगदी शेतकऱ्याच्या नजरेचा आहे. ज्या झाडावर फक्त सकाळचे किंवा फक्त सायंकाळचे ऊन पडते असे ते नव्हे. ते उघड्या माळावर, उंचवट्यावर उभे आहे, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याच्यावर ऊन आहे, म्हणूनच त्याचे तेल इतके स्वच्छ आहे. उदाहरण ईश्वरी प्रकाशाचे आहे, बागकामाचे नव्हे, हे खरे. तरीही ते उदाहरण ज्या झाडावर बेतले आहे, ते झाड अल्लाहने ठरविलेल्या नियमांनी बांधलेले आहे, हे त्या थोर भाष्यकारांना माहीत होते. मुबारक म्हणून त्याला उन्हाची गरज नाही, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही.

येथे मदीनेतील खजुरांचा प्रसंग आठवतो. सहीह मुस्लिममध्ये तो आला आहे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक नर खजुराचा फुलोरा मादी झाडांना लावीत असत. हे न केले तर कदाचित बरे, असे आपण सहज म्हणालात. लोकांनी ते सोडून दिले आणि त्या हंगामात उत्पन्न घटले. गोष्ट कानावर गेल्यावर आपण स्पष्ट केले की धर्माविषयी मी जे सांगेन ते घ्या, आणि तुमच्या ऐहिक व्यवहारातील अशा बाबी तुम्हीच अधिक जाणता. ईशप्रेषिताच्या तोंडचा हा खुलासा मला नेहमी अचंबित करतो. शेतातील पीक घटले, तर आपण लोकांच्या ईमानाची चौकशी केली नाही, कोणाच्या पावलांची तर नाहीच. परागाचे कारण परागातच ठेवले.

आणि जैतूनच्या बाबतीत हे कारण तंतोतंत लागू आहे. त्याचा पराग वारा वाहून नेतो. कित्येक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत. जवळ दुसऱ्या जातीचे झाड असेल तर फळ चांगले धरते. आमच्या अम्मानच्या घरमालकीण, ज्यांना आम्ही खाला म्हणत असू, त्यांच्या तीनपैकी एक झाड वेगळ्या जातीचे होते, आणि ते त्यांच्या सासऱ्यांनी मुद्दाम लावले होते. एप्रिल-मे महिन्यांत झाडे बारीक पांढुरक्या फुलांनी भरून जात, आणि पुढल्या पंधरवड्यात ती सारी फुले अंगणात पडलेली दिसत. मी घाबरून विचारले तेव्हा त्या हसल्या. शंभर फुलांत एक-दोन फळे टिकली तरी ते भरघोस वर्ष समजतात, हे मला तेव्हा कळले. शिवाय एक वर्ष भरून फळते, दुसऱ्या वर्षी झाड विसावा घेते. फळ मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येते, त्यामुळे दरवर्षी सगळीकडून छाटणाऱ्याला फळ दिसतच नाही. एखाद्या घरात हे रिकामे वर्ष आले आणि नेमके तेव्हाच लग्न झाले, तर आमच्याकडील बायाबापड्यांनी काय म्हटले असते, याचा विचार करावा.

सूरह अल-वाकिआमध्ये (६३-६४) अल्लाह माणसाला विचारतो की तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगविता की आम्ही? या प्रश्नाचे उत्तर ईमानधारकाला ठाऊक आहे. परंतु उगविणारा अल्लाह आहे, याचा अर्थ न उगवलेल्या प्रत्येक बीमागे आपण एखादी मानवी पनवती शोधावी, असा होत नाही. उगविणारा तो आहे, म्हणूनच न उगवण्याचा जाब कोणा दुर्बल माणसाला विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता चाचांचा दुसरा प्रश्न. तो अधिक गंभीर होता, कारण त्याला हदीसचा आधार दिला जात होता.

स्त्री, घर आणि घोडा यांच्याविषयीची रिवायत हदीस-संग्रहांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती एकटी वाचायची नसते. सहीह बुखारीतच ती अशाही शब्दांत आली आहे की अपशकुन म्हणून काही असते, तर ते या तिघांत असते. म्हणजे जे मुळातच नाही त्याविषयीचे ते बोलणे आहे. मुस्नद अहमदमध्ये तर असे आहे की ही रिवायत कोणी उम्मुल मूमिनीन माननीय आयशा (रजि.) यांना ऐकविली तेव्हा त्या अत्यंत संतापल्या आणि म्हणाल्या की अज्ञानकाळातील लोक असे म्हणत असत, हेच प्रेषित (स.) सांगत होते. काही विद्वानांनी दुसरा मार्ग घेतला आहे. त्यांच्या मते येथे शकुन-अपशकुनाचा प्रश्नच नाही. न पटणारा सहवास, अडचणीचे घर, बेलगाम घोडा यांचा माणसाला होणारा नित्याचा त्रास एवढाच अर्थ आहे. मार्ग कोणताही घ्या, एखाद्या स्त्रीच्या पावलांनी झाड वांझ होते, असा अर्थ त्यातून कोणत्याही जबाबदार विद्वानाने काढलेला नाही. दुसरीकडे, अपशकुन नाही, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे, आणि अपशकुन मानणे हा शिर्क आहे, ही माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली हदीस अबू दाऊद व तिर्मिजीमध्ये आहे. शिर्क हा शब्द येथे आला आहे, याकडे लक्ष द्यावे. आपण त्याला बायकांची बडबड म्हणून सोडून देतो.

कुरआनात माणसांना अपशकुनी ठरविणारे कोण आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. सूरह अल-आराफमध्ये (१३१) फिरऔनचे लोक संकट आले की ते मूसा (अलै.) व त्यांच्या साथीदारांच्या पनवतीमुळे आले, असे मानीत. सूरह अन-नम्लमध्ये (४७) समूद जमातीने हेच सालेह (अलै.) यांच्याविषयी म्हटले. सूरह यासीनमध्ये (१८-१९) वस्तीवाल्यांनी आलेल्या प्रेषितांना तुम्ही अपशकुनी आहात असे सांगितले, आणि उत्तर मिळाले की तुमचा अपशकुन तुमच्याच सोबत आहे. तीन ठिकाणी, तीन काळांत, हे शब्द सत्य नाकारणाऱ्यांच्या तोंडी आहेत. एकाही ठिकाणी ते श्रद्धावंताच्या तोंडी नाहीत. आपल्या उंबरठ्याच्या आत सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणारा माणूस कोणाची भाषा बोलतो, हे मी चाचांना सांगितले नाही. त्यांनी आयती ऐकल्या आणि मान खाली घातली.

प्रेषित (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोकांत बोलवा झाली की हे त्यामुळेच. बापाचे काळीज दुःखाने भरलेले असताना, ही समजूत आपोआप पसरू दिली असती तरी कोणी प्रश्न विचारला नसता. परंतु आपण उठून लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. जेथे प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूचा संबंध आकाशाशी जोडू दिला नाही, तेथे एका सुनेच्या कुशीचा संबंध विहिरीजवळच्या झाडाशी जोडणारे आपण कोण?

आणि मूल न होणे, हा काय दोष आहे? सूरह अश-शूराच्या शेवटी (४९-५०) अल्लाहने चार प्रकार सांगितले आहेत. कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि कोणाला तो निपुत्रिक ठेवतो. चारही त्याच्याच ज्ञानातून व सामर्थ्यातून. चौथ्या प्रकाराला त्याने शिक्षा म्हटलेले नाही. माननीय आयशा (रजि.) यांना मूल नव्हते. सगळ्या मुसलमानांची आई म्हणून ज्यांचे नाव आपण अदबीने घेतो, ज्यांच्याकडून दीनचा केवढा तरी भाग आपल्यापर्यंत पोहोचला, त्या आपल्या गावात सून म्हणून आल्या असत्या तर कोणते शब्द त्यांच्या कानी पडले असते? जकरिया (अलै.) यांच्या वृद्ध पत्नीला संतती नव्हती, आणि त्या काळात जकरिया (अलै.) एकांतात आपल्या पालनकर्त्याकडे हात पसरत होते. पत्नीवर बोट दाखवीत नव्हते. शिवाय मूल न होण्याची कारणे पुरुषातही असतात, हे आज प्रत्येक डॉक्टर सांगतो. चाचांच्या मुलाची तपासणी झाली होती का, असे मी विचारले. झाली नव्हती. नऊ वर्षांत झाली नव्हती! झाड तोडण्यासाठी आमिलला पैसे दिले गेले, आणि मुलाला रजेवर आल्यावर दवाखान्यात नेणे राहून गेले.

आमिलच्या बाबतीत मला फार लिहायचे नाही. झाडाला घाबरणे आणि झाडाला पूजणे ही एकाच रोगाची दोन टोके आहेत. हुनैनच्या वाटेवर काही नवमुस्लिमांनी शस्त्रे टांगण्यासाठी एखादे पवित्र झाड ठरवून द्यावे, अशी मागणी केली होती. तेव्हा प्रेषित (स.) यांनी तिची तुलना बनी इस्राईलने मूसा (अलै.) यांच्याकडे दैवत मागितले होते त्या मागणीशी केली. झाड मुबारक आहे, कारण त्यात अल्लाहने माणसांसाठी लाभ ठेवला. त्याच्या हातात नशीब ठेवलेले नाही.

मग बरकत कोठे आहे? हा प्रश्न मलाही अम्मानला पडला होता. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मी फांदीवरचे एक गुबगुबीत हिरवे फळ तोडून तोंडात टाकले आणि थुंकून टाकले. इतके कडू काही मी आजवर खाल्लेले नाही. कडुनिंब परवडला. ज्याची शपथ घेतली गेली ते फळ झाडावरून थेट खाताच येत नाही! खाला म्हणाल्या, बेटा, याला वेळ द्यावा लागतो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सुना आणि शेजारणी अंगणात चटया टाकून बसल्या. प्रत्येकीच्या हातात गुळगुळीत दगड. फळ एका घावात तडकवायचे, पण आतली बी फुटू द्यायची नाही. तडकलेली फळे साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी रोज बदलायचे. आठ-दहा दिवसांनी एखादे चाखून पाहायचे, कडूपणा सोसण्याइतका उतरला की मिठाच्या पाण्यात टाकायची. लिटरभर पाण्याला साधारण शंभर ग्रॅम मीठ. खालांकडे तराजू नव्हता. त्या पाण्यात कच्चे अंडे सोडीत, आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर तरंगला की मीठ पुरे झाले असे समजत. त्यात लिंबाच्या फोडी, हिरव्या मिरच्या, आणि बरणीच्या तोंडाशी हवा लागू नये म्हणून जैतूनच्याच तेलाचा थर. न तडकविता अख्खी ठेवलेली फळे मात्र काही महिने घेतात. आमच्या वाट्याला दरवर्षी एक बरणी येई. आम्ही तीन परदेशी मुले त्या घराची कोणीच नव्हतो.

सूरह अल-अनआमच्या एकशे एकेचाळिसाव्या आयतीत जैतून व डाळिंबाचा उल्लेख करून लगेच सांगितले आहे की फळ धरले की खा, तोडणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका आणि उधळपट्टी करू नका. घराच्या अंगणातील एखाद-दोन झाडांवर उश्र लागत नाही, असे हनफी फिकहमध्ये आहे. आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकचे आहेत, त्यात प्रचलित मतानुसार जैतूनवर जकातच नाही. म्हणून हिशेबाचा प्रश्न येथे नाही. तरीही खाला पहिली बरणी घराबाहेर पाठवीत, ही आयत त्यांच्या हातांना ठाऊक होती. माननीय अनस (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आपण सारे जाणतो. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे पक्ष्याने, माणसाने, जनावराने जे खाल्ले ते त्याच्या नावे सदका होते. पण त्यांचीच दुसरी एक हदीस बुखारींच्या ‘अल-अदबुल मुफ्रद’मध्ये आहे. हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली आणि लावणे शक्य असेल, तर लावून टाकावे. त्या रोपाला फळ कधी येणार? कोण खाणार? तरीही लावण्याची आज्ञा आहे. म्हणजे लावणाऱ्याचा मोबदला फळात अडकलेला नाही. चाचांच्या सुनेने नऊ वर्षे घातलेले पाणी वाया गेले, असे मला तरी म्हणवत नाही. त्या झाडात बुलबुलाने दोनदा घरटे केले होते, हे चाचांनीच ओघात सांगितले.

ज्या वाचकांना फळासाठीच जैतून लावायचा आहे, त्यांच्यासाठी थोडे. भारतात राजस्थानने इस्रायलच्या सहकार्याने २००७ च्या सुमारास ही लागवड सुरू केली, ती बिकानेरसारख्या भागात, जेथे हिवाळ्याच्या रात्री कडक असतात. आपल्याकडे नाशिक-निफाडच्या बाजूला काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तेथे आर्बेक्विना किंवा कोरोनेकी या तुलनेने कमी थंडीवर भागविणाऱ्या जाती लावून पाहायला हरकत नाही, मात्र फळाची हमी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बी रुजवून झाड करू नये, दहा वर्षे वाट पाहूनही मूळ जातीचे गुण येतील असे नसते. कलमाचे किंवा छाटापासून केलेले रोप घ्यावे, शक्य तर दोन जातींची दोन. कुंडी मोठी, तळाला भरपूर भोके, मातीत वाळू व थोडा चुनखडीचा चुरा, दिवसभराचे ऊन. पावसाळ्यात कुंडी छपराखाली सरकवावी. हिवाळ्यात मात्र तिला घरात घेऊ नये. थंडी लागू द्यावी, तीच तिची गरज आहे. आणि रोप घेताना नाव पारखून घ्यावे. बंगालात जलपाई म्हणतात ते आंबट फळ ‘भारतीय ऑलिव्ह’ नावाने विकले जाते. ते लोणच्याला चांगले असते, पण त्याचे कूळच निराळे, तो जैतून नव्हे.

किनाऱ्यावरील बांधवांनी सावलीसाठी, पक्ष्यांसाठी, आवडीसाठी खुशाल लावावा. फळाची अपेक्षा ठेवू नये.

चाचा उठता उठता म्हणाले, “मग आता आम्ही काय करायचे, मौलाना? तौबा करतो.” मी म्हटले, तौबा अल्लाहच्या हक्कासाठी आहे. अपशकुन मानला त्याची तौबा जरूर करा. पण त्या मुलीच्या मनाला जे लागले, ते तिचे देणे आहे. बुखारीतील हदीसमध्ये ज्याने आपल्या भावाच्या अब्रूबाबत अन्याय केला असेल त्याने आजच माफ करून घ्यावे, कारण पुढे एक दिवस असा आहे की तेथे दीनार-दिरहम चालणार नाहीत, असा इशारा आहे. ते माफ करणे तिच्या हातात आहे. तुमच्या तस्बीहच्या दाण्यांनी ते माफ होत नाही. आणि ज्यांच्यासमोर बोलले गेले, त्यांच्यासमोरच मागावे लागेल. शेजारणींसमोरही.

चाचा बराच वेळ दारात उभे राहिले. म्हणाले, “सुनेपुढे? या वयात?” मी काही बोललो नाही. ते सलाम करून गेले.

त्या घरात पुढे काय बोलणे झाले, हे मी विचारले नाही. मे महिन्यात त्यांचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. म्हणाले, सूनबाई विचारते आहे, जैतून तोडायचा नाही, पण त्याच्या पलीकडे कोकम लावले तर चालेल का? चालेल, मी म्हटले. वीसएक फूट अंतर ठेवा. आणि कोकमात नर झाड वेगळे, मादी वेगळे असते. बियांपासूनचे रोप नर निघाले तर फळ येणार नाही, म्हणून मादी झाडाची कलमे घ्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ मिळाली तर उत्तम. ते शब्द त्यांनी मोठ्याने पुन्हा उच्चारले, कोणीतरी जवळ बसून लिहून घेत होते.